आजीचा जरंडा, माझी कळसूबाई

"अगं, पण कशासाठी?"

समोरच्या ब्लॉकमधल्या काकू दुधाच्या पिशव्या घ्यायला खाली आल्या होत्या आणि मी पळून परत येत होते. सकाळचे साडेसहा. पायांत बूट, ओढणी कमरेला गच्च बांधलेली, तोंड टोमॅटोसारखं लाल. डोंगर चढायची तयारी करतेय, असं मी त्यांना सांगितलं, त्यावर त्यांनी विचारलेला हा प्रश्न. त्यात कुत्सितपणा मुळीच नव्हता, खरोखरीचं कुतूहल होतं. आणि गंमत अशी, की मला उत्तरच देता येईना. "असंच," म्हणून मी जिना चढून वर आले. पण भाजी फोडणीला टाकतानासुद्धा तो प्रश्न मोहरीसारखा डोक्यात तडतडत होता.

कारण मला आजी आठवली.

माझं माहेर साताऱ्याचं. श्रावणातल्या शनिवारी आजी जरंड्याला जायची. सातारा-कोरेगाव रस्त्यानं जाताना जरंडेश्वराचा डोंगर दिसतो, वर मारुतीचं देऊळ आहे. लक्ष्मणासाठी द्रोणागिरी उचलून नेताना मारुतीच्या हातून निसटलेला तुकडा म्हणजे हा डोंगर, अशी आख्यायिका. म्हणून त्याच्यावर औषधी झाडपाला मिळतो म्हणतात. आजी पहाटे चारला उठून आंघोळ करायची, नऊवारीचा काष्टा घट्ट ओढायची आणि उपाशीपोटी, अनवाणी निघायची. वय साठीच्या पुढचं. वरून पाऊस, खाली निसरडं. आम्ही नातवंडं धापा टाकत मागं. "आजी, थांब की गं!" म्हणून ओरडलो तरी ती थांबायची नाही, आणि घाईही करायची नाही. एका लयीत, दळण दळावं तशी चढत राहायची. फार चढ आला की दोन्ही हात गुडघ्यांवर रोवायची. वर पोचली की मारुतीला तेल, रुई, आणि मग आम्हाला पदराच्या गाठीतले फुटाणे.

आजीला कुणी म्हणजे कुणी कधी विचारलं नाही, "कशासाठी?" देवासाठी बाई डोंगर चढते, यात विचारायचं काय! आणि तिची नात तोच डोंगर स्वतःसाठी चढते म्हटल्यावर मात्र सगळ्या बिल्डिंगला प्रश्न पडला. खोटं कशाला बोलू, मलासुद्धा पडला.

मी लग्न होऊन सांगलीला आले. साताऱ्याच्या पोरीला सांगली म्हणजे पोळपाट! चहूकडं सपाट. साताऱ्यात मान वर केली की अजिंक्यतारा, मागं वळलं की यवतेश्वर. सांगलीत मान वर केली तर पाण्याची टाकी. कृष्णा मात्र दोन्हीकडं एकच, तेवढाच आधार. मी एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांनी सुखी राहावं.

तर तीन वर्षांपूर्वी एक दिवस शाळेचा तिसरा मजला चढून वर्गात शिरले आणि हजेरीच घेता येईना. छाती भात्यासारखी वरखाली, डोळ्यांपुढं काजवे. पोरं घाबरली. दवाखान्यात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन निघालं ८.४. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "बाई, बारा पाहिजे. इतके दिवस कशावर चालवत होता?" मी म्हटलं, चहावर! मी विनोद केला होता, पण त्या हसल्या नाहीत.

त्यांनी जे सांगितलं ते इथं मुद्दाम लिहिते, कारण हे दुखणं माझ्या एकटीचं नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. म्हणजे हळदीकुंकवाला दहाजणी जमलो तर त्यातल्या पाच-सहाजणी! आपण त्याला "आजकाल जरा थकवा येतो" म्हणतो आणि पुढची पोळी लाटायला घेतो. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढे महिने घ्यायच्याच, नुसत्या गूळ-शेंगदाण्यानं एवढी तूट भरून निघत नाही. पण ताटातही बदल हवा. मोड आलेली कडधान्यं, पालेभाजी, अळीव, तीळ, आणि त्यावर लिंबू पिळायचं, म्हणजे लोह अंगी लागतं. आणि जेवणावर लगेच चहा नाही! चहा लोह शोषू देत नाही, तो तासभर लांब ठेवायचा. मला गोळ्या जड गेल्या नाहीत, हे चहाचं पथ्य मात्र फार जड गेलं.

चार महिन्यांनी हिमोग्लोबिन ११ च्या वर आलं. "आता चालायला लागा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी हरिपूरच्या रस्त्यानं चालायला लागले. सांगलीकरांना तो रस्ता सांगायला नको. बाजूला नदी, कडेला झाडं, शेवटी कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचं देऊळ. पहाटे हवेत गारवा असतो. सुरुवातीला मी नुसती चालत होते. एक दिवस मागं कुत्रं लागलं म्हणून पळाले आणि लक्षात आलं, की अरे, पळता येतंय की आपल्याला! त्या कुत्र्याला मी गुरू मानते.

पळायचं शिकले ते असं. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. पळताना शेजारणीशी दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत, दम लागून बोलणं तुटलं तर वेग कमी करायचा. आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं, एकदम नाही. वर्षभरात मी संगमेश्वरापर्यंत जाऊन परत पळत येऊ लागले. सासूबाईंनी पहिल्यांदा नाक मुरडलं. मग एक दिवस माझ्या बुटांतला चिखल त्यांनीच काढून ठेवलेला दिसला. आमच्याकडं संमती अशीच मिळते, बोलून नाही.

अडचण होती ती वेळेची. पाच ते साडेसहा हा माझा वेळ. त्यानंतर डबे, सासऱ्यांचा चहा-नाश्ता, मुलांची शाळा, माझी शाळा. रात्री भाजी चिरून ठेवायची, कणीक भिजवून फ्रीजमध्ये, कुकर लावायच्या तयारीत ठेवायचा. दीड तास मोकळा मिळावा म्हणून आदल्या रात्री पाऊण तास जास्त राबायचं. हा हिशेब तेव्हा मला फार हुशारीचा वाटला होता. त्याच्याकडं पुन्हा येईनच.

असंच एका वर्षी भावाकडं साताऱ्याला गेले असताना हिल हाफ मॅरेथॉन बघितली. साताऱ्यात ही शर्यत २०१२ पासून होते. एकवीस किलोमीटर. शहरातून निघायचं, समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला निम्म्यावर जाऊन माघारी यायचं. कासचं पठार फुलांसाठी जगभर माहीत झालं, ते २०१२ मध्येच पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. पण सातारकरांना कास म्हणजे आधी पिण्याचं पाणी! तर त्या घाटाच्या तोंडाशी उभी राहून मी बघत होते. हजारोंनी माणसं. त्यात बायका किती! माझ्या वयाच्या, आईच्या वयाच्या. आणि मला सगळ्यात नवल कशाचं वाटलं सांगू? घाट लागल्यावर त्यातल्या कितीतरीजणी चक्क चालत होत्या. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, एका लयीत. थेट माझी आजी!

डोंगरात पळणाऱ्यांची ही रीतच आहे, हे मला नंतर कळलं. फार उभा चढ असला की पळण्यापेक्षा झपझप चालण्यात दम कमी जातो आणि वेळही फारसा वाया जात नाही. चढ चालायचा, सपाटी पळायची, उतार जपून. मी आतापर्यंत समजत होते की चालले म्हणजे हरले. सपाट सांगलीत शिकल्याचा परिणाम, दुसरं काय! पुढच्या वर्षी मीही नाव घातलं. नंबर विचारू नका. यादी शेवटून वाचायला घेतलीत तर मी लवकर सापडेन.

सातारा जिल्ह्याच्या मातीतच काही आहे का, असं कधी कधी वाटतं. माण तालुक्यातलं मोही हे दुष्काळी भागातलं गाव. तिथल्या शेतकरी घरातली ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला तीन हजार मीटर स्टीपलचेस पळाली. अडथळे ओलांडत, पाण्यात उड्या मारत पळायची ही शर्यत. प्राथमिक फेरीत तिनं ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. १९८४ मध्ये पी. टी. उषा धावली, त्यानंतर बत्तीस वर्षांनी एक भारतीय स्त्री ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या अंतिम फेरीत पोचली होती. आणि साताऱ्याचीच प्रियांका मोहिते. २०१३ मध्ये विशीतच ती एव्हरेस्टवर जाऊन आली. मग ल्होत्से, मकालू. एप्रिल २०२१ मध्ये अन्नपूर्णा चढणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली, आणि मे २०२२ मध्ये कांचनजंगा सर करून आठ हजार मीटरवरची पाच शिखरं झाली. आठ हजार मीटर म्हणजे साधारण पाच कळसूबाया एकीवर एक!

या मुली आपल्या डोळ्यांदेखत मोठ्या झाल्या म्हणून आपल्याला हे सहज वाटतं. पण बायकांनी पळू नये, हे सांगण्यात जगातल्या शहाण्या लोकांनी किती वर्षं घालवली! १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायकांची आठशे मीटरची शर्यत झाली. शेवटी काहीजणी दमलेल्या दिसल्या म्हणून ती रद्द केली, ती थेट १९६० पर्यंत. आठशे मीटर! आपण रेशनच्या दुकानापर्यंत त्याहून जास्त जातो, आणि येताना हातात पिशव्या असतात. लांब पळाल्यानं गर्भाशय सरकतं, असं गंभीरपणे सांगितलं जायचं. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली तीच मुळी १९८४ साली. आणि ललिता पळाली ती स्टीपलचेस तर २००८ मध्ये.

मला यात सगळ्यात जवळची वाटते ती जुन्को ताबेई ही जपानी बाई. १६ मे १९७५ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचलेली जगातली पहिली स्त्री. तेव्हा ती ३५ वर्षांची होती आणि घरी लहान मुलगी होती. मोहिमेला पैसे जमेनात. मुलं सांभाळायची सोडून हे काय, असं तिला ऐकवलं गेलं. तेव्हा तिनं पियानोच्या शिकवण्या केल्या आणि खर्च वाचवायला मोटारीच्या जुन्या सीटच्या कापडातून घरीच हातमोजे शिवले. मोहिमेत हिमलोट कोसळला, तंबूसकट ती गाडली गेली. शेर्पांनी ओढून काढली. त्यानंतर बाराव्या दिवशी ती शिखरावर होती. शिकवण्या करणारी, जुन्याचं नवं शिवणारी ही बाई आपल्यातलीच नाही का? तिला पहिल्यांदा डोंगर दाखवला तो तिच्या शाळेतल्या शिक्षकांनी, सहलीला नेऊन. मी हे वाचलं आणि आमच्या शाळेच्या सहलीचं ठिकाण वॉटर पार्कवरून सागरेश्वरला बदलण्यासाठी दोन बैठका भांडले. हरले, पण भांडले.

माझं एव्हरेस्ट ठरलं कळसूबाई. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बारी नावाचं गाव आहे, तिथून वाट निघते. हवा विरळ होईल का, ही भीती मनात होती. पण एव्हरेस्टच्या माथ्यावर हवा समुद्रकाठच्या एक तृतीयांश उरते, कळसूबाईवर ती जेमतेम अठरा टक्क्यांनी कमी असते. तिथं दम लागतो तो चढानं, हवेनं नाही.

तयारीला सांगलीत डोंगर कुठून आणायचा? मी जिने धरले. ज्या शाळेच्या जिन्यानं मला पाडलं होतं, तोच जिना शनिवारी शाळा सुटल्यावर दहा वेळा चढायचा आणि उतरायचा. शिपाईमामांना वाटलं, बाईंचं काही तरी हरवलंय. महिन्यातून एकदा आमच्या क्रीडाशिक्षिका बाईंबरोबर मिरज तालुक्यातला दंडोबाचा डोंगर. तिथं मला उताराची अक्कल आली. चढताना छाती बोलते, उतरताना मांड्या बोलतात, आणि त्या दुसऱ्या दिवशी बोलतात. उतरताना स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, म्हणून ठणका उतरण्याचा जास्त. पावलं छोटी टाकायची, गुडघे किंचित वाकलेले ठेवायचे, टाच आपटायची नाही. बुटांत पुढं अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. माझी दोन पडली. मापाचे बूट घ्या आणि साडीवर मॅचिंग चपलांत जेवढे पैसे घालतो तेवढे एकदा त्यांत घाला. ट्रॅकपँट घालायला मला दोन वर्षं लागली, त्यावर वेगळा लेख होईल.

पाण्याचं म्हणाल तर बाजारची रंगीत पेयं कशाला? एक लिटर पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. वर लिंबू. मुलांना जुलाब झाले की देतो तेच. खायला मी खजूर, गुळपापडीच्या वड्या आणि सांगलीचं भडंग घेतलं. गोड खाऊन तोंड विटतं तेव्हा भडंगाचं तिखटमीठ काय लागतं म्हणून सांगू!

आम्ही तिघी निघालो. मी, क्रीडाशिक्षिका बाई आणि पुण्याची माझी नणंद. डिसेंबर महिना, मधला वार मुद्दाम निवडलेला, शनिवारी-रविवारी तिथं जत्रा असते म्हणतात. रात्री बारीत एका घरी उतरलो. चुलीवरची भाकरी, पिठलं. आणि जेवताना त्या घरच्या आजींनी कळसूबाईची गोष्ट सांगितली. ती जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्येसुद्धा नोंदलेली आहे. कळसू ही कोळ्याची पोर, रानात हिंडायची आवड. ती डोंगराच्या पायथ्याला इंदोऱ्यात एका घरी कामाला राहिली, पण एका अटीवर : भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. काही दिवस बरं चाललं. मग एक दिवस घरच्यांनी तिला भांडी घासायला आणि केर काढायला लावलंच. तिनं काम केलं. हातासरशी डोंगर चढून वर गेली, आणि मरेपर्यंत खाली आली नाही. तिनं भांडी घासली ती जागा आजही थाळेमेळ म्हणून दाखवतात.

मैत्रिणींनो, माझा हात भाकरीवर तसाच राहिला. महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखराला कुण्या राजाचं नाव नाही, भांडी घासायला नको म्हणणाऱ्या पोरीचं आहे!

पहाटे साडेपाचला बॅटऱ्या घेऊन निघालो. आधी शेतं, ओढा, मग चढ. आजीची लय धरली. बोलता येईल एवढ्याच दमानं चढायचं. दोनदा सपाटी लागली तिथं पळून घेतलं, नणंद मागून "वेडी आहेस का गं!" म्हणून ओरडली. उजाडलं तेव्हा पहिली लोखंडी शिडी आली. शिड्या कड्याला लावलेल्या, कठडा गार पडलेला. पहिल्या शिडीवर मी खाली बघितलं, ती चूक झाली. पाय लटपटायला लागले. दम नव्हता लागला, भीती वाटत होती, आणि भीतीवर गोळ्या नसतात. क्रीडाशिक्षिका बाई खालून म्हणाल्या, "पुढच्या पायरीकडं बघा, बाकी काही नाही." तेवढंच केलं. एक पायरी, मग पुढची.

दुसऱ्या शिडीशी आम्ही टेकलो होतो, तेवढ्यात खालून एक बाई आली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाण्याचा मोठा कॅन, काखेत पिशवी, पायात साधी रबरी चप्पल. वर तिची सरबताची टपरी होती. "दमलात व्हय?" म्हणून हसली आणि कठड्याला हात न लावता शिडी चढून गेली. रोज चढते म्हणाली. हंगामात दोनदा. तिला कुणी धावपटू म्हणत नाही, तिच्या गळ्यात कुणी पदक घालत नाही. माझ्या मनगटावर किलोमीटर मोजणारं घड्याळ होतं, ते मी बाहीखाली सरकवलं.

माथ्याजवळची विहीर, शेवटची शिडी, आणि वर कळसूबाईचं एवढंसं देऊळ. दोन तास पन्नास मिनिटं लागली. वारा असा, की ओढणी सांभाळू की स्वतःला! समोर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले ओळीनं, खाली भंडारदऱ्याचं पाणी चकाकत होतं. मी देवीला भडंगाची पुडी ठेवली. दुसरं काय ठेवायचं सुचेना. मला रडू आलं, हे लिहू की नको असा विचार करत होते, पण आलं.

दुसऱ्या दिवशी रात्री घरी पोचले. मांड्या अशा दुखत होत्या, की मांडी घालून जेवायला बसता येईना. मी उत्साहानं सगळ्यांना कळसूची गोष्ट सांगितली. मुलं हसली, आमचे हे हसले. सासूबाईही हसल्या. मग ताट सारून म्हणाल्या,

"ती गेली वर. मग त्या घरची भांडी कुणी घासली?"

मी बघितलं. त्यांच्या बोटांची पेरं सुजली होती. आमच्या कामाच्या मावशी दोन दिवस आल्या नव्हत्या आणि घरातलं सगळं, भांड्यांसकट, अडुसष्ट वर्षांच्या या बाईनं केलं होतं. तक्रार केली नाही, फोनवर सांगितलंसुद्धा नाही. मी शिखरावर रडत होते तेव्हा त्या कढई घासत होत्या.

त्या रात्री मी आईला साताऱ्याला फोन लावला. विचारलं, "आई, आजी दर श्रावणात जरंड्याला जायची. तू कधी गेलीस गं?"

"मी? मला कुठला वेळ! त्या दिवशी घरात अकरा माणसं, उपासाचं वेगळं, बिनउपासाचं वेगळं. पुढं वेळ झाला तर गुडघे गेले."

चाळीस वर्षं साताऱ्यात राहून माझी आई जरंड्यावर गेली नव्हती, आणि हे मला या वयात कळलं. आजीच्या मागून फुटाण्यांसाठी पळताना घरी कोण राहिलंय याचा विचार मी केला नव्हता. पाऊण तास रात्री, दीड तास पहाटे, हा जो हुशारीचा हिशेब मी सांगितला, त्यात सासूबाईंचं नावच नव्हतं.

आमच्याकडं मग जरा वाद झाले. ते सगळे इथं देत नाही. पण आता मी पळायला जाते त्या दिवशी, म्हणजे बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी, सकाळचा चहा-नाश्ता आणि रात्रीची भांडी आमच्या ह्यांच्याकडं असतात. पहिल्या महिन्यात दोन पेले फुटले आणि लोखंडी कढईला साबण लावून तिचं वर्षांचं तेल घालवलं. मी बघितलं आणि गप्प बसले. गप्प बसणं हा यातला सगळ्यात उभा चढ होता. मुलगा स्वतःचा डबा भरतो, बहुतेक वेळा झाकण नीट न लावता. सासूबाईंना पहिले काही आठवडे अपराध्यासारखं वाटायचं, मुलगा भांडी घासतोय आणि आपण टीव्ही बघतोय म्हणून. आता आवाज मोठा करून बघतात.

या श्रावणात आम्ही जरंड्याला गेलो. आई, सासूबाई आणि मी. भाऊ पायथ्यापर्यंत सोडून गेला, घरी जेवण त्यानं आणि ह्यांनी मिळून करायचं ठरलं होतं. दोघींचे गुडघे लक्षात घेऊन डॉक्टरांना आधी विचारलं होतं, काठ्या घेतल्या होत्या, आणि जमेल तिथून परत फिरायचं हे पक्कं होतं. पाऊस भुरभुरत होता. आई दहा पावलं चालायची, थांबायची, मागं वळून बघायची. "एवढं दिसतं होय इथनं!" असं तीनदा म्हणाली. निम्म्या वाटेवर एका वळणाशी दगडावर दोघी टेकल्या आणि म्हणाल्या, आता बास. तिथनंच दोघींनी मारुतीला हात जोडले. मी भडंगाची पुडी सोडली. वरून एक म्हातारी अनवाणी उतरत होती, दोन नातवंडं मागं. तिनं आम्हाला बघितलं आणि विचारलं, "दर्शन झालं का?"

"झालं," आई म्हणाली आणि तिच्या हातावर मूठभर भडंग ठेवलं.